मोजणीची वेळ

हवा मोजायला लोकांच्या घरावर जागा मागत फिरणं, ही माझी पहिली नोकरी. एखादी खाण नव्यानं येणार असली किंवा असलेली वाढणार असली, की आसपासच्या हवेत आधीच किती धूळ आहे ते मोजून ठेवावं लागतं. त्यासाठी एक पेटीसारखं यंत्र असतं. ते दिवसभर घरघरत हवा ओढतं आणि आतल्या चकतीवर धूळ धरतं. चकतीचं वजन आधी करायचं, नंतर करायचं. जो फरक येईल ती धूळ. या कामात शास्त्र थोडं आणि विनवण्या फार. यंत्राला वीज लागते, उंच जागा लागते, आणि घरमालकाला वाटतं की हे लोक आपली जमीन घ्यायला आलेत.

भद्रावतीच्या पलीकडे कोळशाच्या पट्ट्यातल्या एका गावात एका बाईंनी मला त्यांचा स्लॅब दिला. मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या बाजूला सारून जागा केली. मुदत संपल्यावर मी यंत्र उचलून नेलं. पुढच्या आठवड्यात त्याच गावात गेले तर बाई वाट अडवून उभ्या.

"काऊन नेली ती मशीन? गेली तेव्हापासून धूळ वाढली ना."

"बाई, ती धूळ कमी करत नव्हती. फक्त मोजत होती."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांना फसवलं. "मंग इतकी करंट कायले खाल्ली तिनं?" म्हणाल्या आणि घरात गेल्या. चहा मिळाला नाही.

अशी काही वर्षं गेली. अहवाल जाडजूड निघायचे. त्यात माझं नाव शेवटच्या पानावर, नमुने गोळा करणाऱ्यांच्या रांगेत. पहिल्या पानावर सही करणारे नागपूरचे सर होते. त्या काळात हवामान बदल हा शब्द नव्यानं अहवालांत येऊ लागला होता आणि त्यावर लिहिणारं माणूस आमच्याकडे नव्हतं. सर एकदा सहज बोलले, "बाहेरून ही डिग्री घेऊन येईल त्याची पुढची वीस वर्षं पक्की." ते मी मनात धरलं. उगाच उदात्त कारण सांगत नाही. मला पहिल्या पानावर जायचं होतं.

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. बाबा आयुध निर्माणीतून निवृत्त झाले होते. विहारात माझा सत्कार झाला, कॉलनीतल्या बायांनी एवढा चिवडा बांधून दिला की बॅगेत पुस्तकांना जागा उरली नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "एक समजून नाई राह्यलं मले. त्या थंडीच्या देशात तुले उन्हाचं काय शिकवतीन?"

मी हसले. प्रश्न मात्र विमानात माझ्यासोबत आला.

तिथे आम्ही संगणकावरच्या नकाशांशी काम करायचो. सगळी पृथ्वी चौकोनांत कापलेली. प्रत्येक चौकोनात पुढच्या पन्नास वर्षांत उष्णता किती वाढेल याचा अंदाज. माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकदा विचारलं, तुझं गाव कुठे? मी पडद्यावर बोट ठेवलं. बोटाखाली चंद्रपूर गेलं, गडचिरोली गेलं, इंद्रावती नदीसुद्धा गेली. बाई म्हणाल्या, "हाच आमचा दोष आहे. बोट उचललं की खाली काय आहे, ते तू शोध." त्या फार मोजकं बोलायच्या. मला आवडायच्या.

पण मी खरं जे शिकले ते वर्गात नाही. जून महिन्यात तिथे एकदा ऊन वाढलं. ऊन म्हणजे आपल्याकडचं दिवाळीतलं दुपारचं ऊन. रेडिओवर सारखी सूचना: शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करा, पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका. मी राहत होते त्या गल्लीत नगरपालिकेची एक मुलगी दारं ठोठावत आली. वरच्या मजल्यावर एक आजीबाई एकट्या राहायच्या. त्यांच्या खिडक्या उघडतात का, ते तिनं स्वतः जिना चढून पाहिलं. मला आधी हसू आलं. आमच्याकडे सत्तेचाळीस अंशाला डांबर वितळतं आणि लोक डोक्याला दुपट्टा बांधून कामाला जातात. मग हसू थांबलं. आमच्याकडे असं दार कोणी कधी ठोठावलं, ते मला आठवेना.

माझा प्रबंध मी त्यावरच केला: उघड्यावर काम करणारी माणसं आणि ऊन. त्यातली एकच गोष्ट इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर असतो. एप्रिलमध्ये तो छान गारवा देतो. पण मेच्या शेवटी आभाळ भरून यायला लागलं, हवा दमट झाली, की तोच कूलर नुसता भणभणतो आणि अंग चिकट करतो. पाणी तेच, पंखा तोच, पण हवेत ओल भरलेली असली की पाणी उडत नाही आणि गारवा होत नाही. माणसाचं अंग हाही एक कूलरच. घाम उडाला तर अंग गार होतं. घाम उडेनासा झाला की आतली उष्णता आतच राहते. म्हणून नुसतं तापमान पाहून चालत नाही. बेचाळीस अंश आणि दमट हवा ही सत्तेचाळीस अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जास्त घातक ठरू शकते. आणि तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका या दिवसांपर्यंत ताणला जातो.

परत आले. सरांनी लगेच ठेवून घेतलं. केबिन मिळाली, पहिल्या पानावर नाव मिळालं, विद्यापीठाचं नाव तर माझ्या नावापेक्षा ठळक. एका खाणीच्या विस्ताराचं काम होतं. गडचिरोलीच्या जंगलातली खाण, नाव नको. मी उन्हावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. झाडं गेल्यावर त्या खोऱ्यातली दुपार कशी बदलेल, कामाला जाणाऱ्या बायांना सावली किती अंतरावर मिळेल, सगळं. सरांनी वाचलं. चांगलं आहे म्हणाले. छापून आलं तेव्हा प्रकरणाचा परिच्छेद झाला होता आणि शेवटी एक वाक्य वाढलं होतं, की झाडं लावण्यात येतील.

जनसुनावणीच्या दिवशी मला मंचावर बसवलं. गावकरी समोर मांडवात, मध्ये पोलिसांची रांग. एक म्हातारेबुवा माईकपाशी आले आणि थेट माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बाई बाहेरदेशातून शिकून आल्या म्हणते. बाईच सांगन. इथी गरमी वाढन का नाई वाढन?"

सरांनी माईक माझ्याकडे सरकवण्याऐवजी स्वतःकडे ओढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "वाढेल." एवढंच. मांडवात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारेबुवांनी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. त्या नोकरीतला तो माझा शेवटचा महिना. सर वाईट नव्हते. निरोप देताना म्हणाले, "तुम्हाला बाहेर पाठवून आमचंच नुकसान झालं." विनोद होता. दोघंही हसलो.

त्यानंतर बरेच दिवस घरी. बाबा काही विचारायचे नाहीत, फक्त पेपरमधल्या नोकरीच्या जाहिराती वर येतील असा पेपर दुमडून ठेवायचे. शेवटी एका संस्थेत काम मिळालं. बाहेरच्या निधीवर चालणारा प्रकल्प होता, एटापल्लीच्या बाजूला, उन्हापासून मजुरांना वाचवण्याचा. ज्यासाठी शिकले तेच काम. मला वाटलं, आता घडी बसली.

गावांची नावं बदलून सांगते. एकाला मोहटोला म्हणू, नाल्यापलीकडच्या दुसऱ्याला जांभळी. प्रकल्पात फक्त मोहटोला होतं.

तेंदूपत्ता म्हणजे विडीचं पान. मे महिन्यात घरातली सगळी माणसं पहाटे जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणतात, घरी बसून त्यांचे पुडे बांधतात. मग ते पुडे फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे ठेकेदाराचा मुन्शी पुडे मोजून घेतो आणि पानं वाळत घालतात. पानं वाळायला ऊन हवं, म्हणून फळीवर झाड नसतं. तोडणी सकाळी होते, बांधणी सावलीत होते. जीव जातो तो मोजणीच्या रांगेत. मोहटोल्यात मोजणी भर दुपारी व्हायची. बाया पुडे घेऊन तापलेल्या जमिनीवर उभ्या. रांग सोडली तर नंबर जायचा.

दुपारीच का? मुन्शीला विचारलं. मल्लेश त्याचं नाव, सिरोंच्याकडचा, तेलुगू वळणाचं मराठी बोलायचा. स्वभावानं गरीब. "म्याडम, माजेकडे दोन फळी हाय, टेम्पो येक हाय. दुपारी मोहटोला, संध्याकाळी जांभळी. मी काय करू सांगा."

मोहटोल्यात शेवंताबाई म्हणून होत्या. ग्रामसभेत बोलायच्या, आवाज खणखणीत. मी त्यांना कूलरचा दाखला देऊन सगळं समजावलं. त्यांना पटलं. त्यांनी बायांना पटवलं. ग्रामसभेनं ठरवलं, आम्ही दुपारी पुडे आणणार नाही, ऊन उतरल्यावरच आणू. मल्लेशनं ठेकेदाराला फोन केला, डोकं खाजवलं, आणि कबूल झाला. दोनच दिवसांत मोहटोल्याची मोजणी संध्याकाळी होऊ लागली. संस्थेचे प्रकल्प अधिकारी गाडीनं येऊन फोटो काढून गेले. माझ्या आयुष्यात मी लिहिलेली गोष्ट पहिल्यांदा जमिनीवर घडताना पाहत होते. त्या संध्याकाळी मी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. टेम्पो एकच होता. मोहटोला संध्याकाळी गेलं म्हणजे जांभळी दुपारी आलं.

मी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "जांभळी आपल्या प्रकल्पात नाही."

"पण ऊन आपण तिकडे ढकललं ना, सर."

"तुम्ही मोजमाप घेऊन ठेवा. पुढच्या टप्प्यात पाहू."

ठेकेदाराकडे अजून एक मुन्शी मागितला. नाही म्हणाला. मग मी रोज दुपारी उष्णतामापक घेऊन जांभळीच्या फळीवर जाऊन उभी राहू लागले. एक थर्मामीटर कोरडा, एकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. ओल्याचा पारा वर चढला की समजायचं, आता घाम उडणार नाही. आकडे दाखवले तर पुढचा टप्पा तरी लवकर येईल, ही आशा.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. ऊन फिकट, म्हणून लोक म्हणाले आज बरं आहे. ओल्या फडक्याचा पारा मात्र मी आधी कधी पाहिला नव्हता एवढा वर. मी मल्लेशला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, थोडेच राहिलेत. रांगेत सोमीबाई म्हणून एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्या मागच्या बाईशी गोंडीत काहीतरी बोलत होत्या. बोलता बोलता असंबद्ध बोलू लागल्या. मागची बाई हसली, तिला वाटलं थट्टा करतात. मग सोमीबाई पुड्यांवरच बसल्या आणि आडव्या झाल्या.

मी हात लावला. अंग तव्यासारखं, आणि घाम नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. कोणीतरी तोंडात पाणी घालायला लागलं, त्याला अडवलं. बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर ते छातीत जातं. पानं भरायची पोती होती, ती फळीवरच्या पाण्याच्या पिंपात बुडवून अंगावर टाकली. बायांनी पदरानं आणि सुपानं वारा घातला. पोतं गरम झालं की बदलायचं. मल्लेश मोजणी टाकून पिंपातून बादल्या ओढत होता. त्याच्याच टेम्पोतून पुडे खाली फेकून आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेलं, वाटभर पाणी घालत. मल्लेश गाडी चालवत तेलुगूत सारखं काहीतरी पुटपुटत होता. देवाचं असेल.

सोमीबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, गार केलं नसतं तर पोचल्या नसत्या.

संध्याकाळी मोहटोल्यात बातमी गेली. मी तिथे पोचले तेव्हा बाया फळीवर बसलेल्या, मोजणी नाही. शेवंताबाई मला म्हणाल्या, "आमची दुपार तिकडं गेली, हे तुमाले मालूम होतं का?"

"होतं. रोज वर सांगत होते."

"वर सांगून काय होते. आमाले काऊन नाई सांगतलं?"

माझा आवाज कायम वरच्याच दिशेनं जायचा. शिक्षणानं तेच शिकवलं होतं, की आकडा वर पाठवायचा. शेवंताबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी त्या आणखी काही जणींना घेऊन नाला ओलांडून जांभळीला गेल्या. मीही मागे गेले. मोहाच्या झाडाखाली दोन्ही गावच्या बाया बसल्या. बराच वेळ भांडण झालं, जुनी उणीदुणीही निघाली, एका बैलाचं प्रकरण निघालं जे मला आजतागायत समजलेलं नाही. शेवटी ठरलं: एक दिवस जांभळीची मोजणी संध्याकाळी, एक दिवस मोहटोल्याची. आणि ज्या गावाची पाळी दुपारी, तिथे पुडे घरटी एकाच माणसानं घेऊन बसायचे, बाकीच्यांनी सावलीत.

शेवंताबाई म्हणाल्या, "आमी आपली अर्धी सावली देऊन राह्यलो. तुमी याद ठेवा."

जांभळीची एक बाई म्हणाली, "ठेवू. बैलाचंही ठेवू." सगळ्या हसल्या.

प्रकल्पाच्या शेवटच्या अहवालात मोहटोला यशोगाथा म्हणून छापलं गेलं. जांभळीवर मी लिहिलेलं काढलं होतं, कारण ते प्रकल्पक्षेत्राबाहेर. पुढचा टप्पा आला नाही. निधी देणाऱ्यांचा विषय त्या वर्षी पाण्याकडे वळला. पुढच्या हंगामात ठेकेदार बदलला आणि दोन्ही फळ्या पुन्हा दुपारी आल्या. मी तेव्हा दुसऱ्या नोकरीत होते. फोनवर कळलं, ऐकून घेतलं. काही करू शकले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र दोन्ही ग्रामसभांनी मिळून ठेकेदाराशी पानाचा करार स्वतः केला आणि त्यात अट घातली, की मोजणी दिवस कलल्यावरच आणि दोन्हीकडे वेगळा मुन्शी. ती अट अजून आहे. इतर किती फळ्यांवर भर दुपारी मोजतात, ते मला ठाऊक नाही. ते कोणी मोजलेलं नाही.

त्यानंतर मी शाळा केल्या, आरोग्य केंद्रं केली, प्रशिक्षणं घेतली. दर दोन-तीन वर्षांनी नवा प्रकल्प, नवं नाव, नवी गाडी. प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजवायचं, कूलरपासून. मुलं विचारतात, मॅडम, बाहेर शिकायला जाऊ का? मी जा म्हणते. ज्ञान खोटं नसतं. ओल्या फडक्याचा पारा मी जिथे शिकले तिथेही खरा आणि जांभळीतही खरा. पण परत आल्यावर ते ठेवायला जागा कोणी करून ठेवलेली नसते, हेही सांगते. ते ऐकताना त्यांचं लक्ष नसतं. त्यांच्या वयात माझंही नसतं राहिलं.

गेल्या मे महिन्यात काम सोडलं. सोडायच्या आधी एकदा त्या भागात चक्कर टाकली. शेवंताबाई मुलीकडे गेल्या होत्या. जांभळीत सोमीबाई भेटल्या. अंगणात मांडवाखाली बसून सुनेनं आणलेल्या पानांचे पुडे बांधत होत्या. त्या दिवसानंतर त्यांना ऊन सोसत नाही. थोडं चाललं तरी डोळ्यापुढे अंधारी येते. लहानपणापासून रोज जंगलात गेलेली बाई, आता अंगणापुढे जात नाही.

"तुमी मले वाचवलं म्हणते सारे," त्या पानावरची नजर न काढता म्हणाल्या. "वाचली, हे खरं हाय. पण जंगल सुटलं. मोहफुलाच्या टायमाले लय याद येते. घरात बसल्या बसल्या वास येते ना."

मी त्यांच्या शेजारी बसून पानं लावून देऊ लागले. माझे पुडे वाकडे व्हायचे. त्या ते सोडून पुन्हा बांधायच्या.

दुपार झाली. पुढच्या गावात माझी बैठक होती, ड्रायव्हर रस्त्यावरून हॉर्न देत होता. मी उठले, चपला पायात घातल्या.

"कुठी चालल्या?" सोमीबाई म्हणाल्या. "ऊन पाहा तं कसं हाय. दिवस कलू द्या, मंग जा."

मी ड्रायव्हरला आत बोलावलं. बैठकीला फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल. मग चपला काढल्या आणि मांडवाखाली, जमीन जरा गार होती त्या बाजूला, आडवी झाले.